लक्षद्वीप : ठिपक्यांमागील भूगोल

लेखक : विस्तार अधिकारी (शिक्षण)



भारताचा नकाशा भिंतीवर टांगला म्हणजे केरळच्या किनाऱ्याच्या पश्चिमेस अरबी समुद्रात काही बारीक ठिपके दिसतात. ते लक्षद्वीप. आपण त्यांवर छडी टेकवतो, ‘केंद्रशासित प्रदेश, राजधानी कवरत्ती’ एवढे वदवून घेतो आणि छडी पुढे सरकते. मीही अनेक वर्षे असेच शिकवीत आलो. परंतु या ठिपक्यांविषयी माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती येथे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी दुष्काळी पट्ट्यातील एका दोनशिक्षकी शाळेत होतो. गावाची विहीर फाल्गुनातच तळ गाठीत असे व बायाबापड्यांना पाण्यासाठी शेजारच्या वाडीवर जावे लागे. नकाशाचा पाठ चालू असता चौथीतील एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, चारी अंगांनी खारं पाणी, मग तिथली माणसं पितात काय?” मला उत्तर ठाऊक नव्हते. ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याचे धैर्यही नव्हते. मी म्हणालो, “हे परीक्षेत येत नाही. खाली बैस.” तो बसला, आणि त्या वर्षभरात त्याने पुन्हा प्रश्न विचारला नाही.

पुढे वाचनात त्या प्रश्नाचे उत्तर सापडले, तेव्हा ध्यानात आले की या प्रदेशाच्या भूगोलाची किल्लीच त्या मुलाने हाती दिली होती. बेटांवरील माती, झाड, धंदा, कुटुंबव्यवस्था आणि आज उभे राहिलेले संकट, या सर्वांचा धागा शेवटी त्या प्रश्नाशीच येऊन मिळतो. त्याच क्रमाने हा विषय येथे मांडावयाचा आहे.

१. स्थान व विस्तार

लक्षद्वीप बेटे साधारणतः ८ ते १२ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान पसरलेली असून कोचीपासून त्यांचे अंतर २२० ते ४४० किलोमीटर भरते. ‘लक्षद्वीप’ या शब्दाचा अर्थ एक लक्ष बेटे असा असला तरी शासकीय गणनेत बेटांची संख्या ३६ आहे आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे वस्ती केवळ १० बेटांवर आहे. ती बेटे अशी : कवरत्ती, अगत्ती, अमिनी, कडमत, किल्तान, चेतलात, बित्रा, आंद्रोत, कल्पेनी व मिनिकॉय.

या साऱ्या बेटांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे ३,२०० हेक्टर आहे. आपल्या जिल्ह्यातील दोन-तीन मोठ्या गावांचे शिवार एकत्र केले तर तेवढे भरेल. बित्रा हे वस्ती असलेले सर्वांत लहान बेट अवघे साडेदहा हेक्टर, म्हणजे सुमारे २६ एकरांचे आहे. आपल्याकडील एखाद्या मोठ्या शेतकऱ्याच्या वहिवाटीत एवढी जमीन असते. २०११ मध्ये एकंदर लोकसंख्या ६४,४७३ होती. चौरस किलोमीटरमागे दोन हजारांहून अधिक माणसे झाली; त्याच जनगणनेत महाराष्ट्रात हा आकडा ३६५ होता.

मात्र जमीन लहान असली तरी समुद्र लहान नाही. या चिमुकल्या बेटांमुळे सुमारे चार लाख चौरस किलोमीटर सागरी क्षेत्रावर भारताचा आर्थिक हक्क पोहोचतो. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे तीन लाख आठ हजार चौरस किलोमीटर आहे, हे मुलांना सांगितले म्हणजे तुलना त्यांच्या चटकन ध्यानी येईल.

२. बेट कसे घडले?

ही बेटे डोंगरांचे माथे नव्हेत, नद्यांनी आणलेल्या गाळाचीही नव्हेत. ती प्रवाळांनी घडविली आहेत. प्रवाळ हा अत्यंत लहान सागरी प्राणी. तो स्वतःभोवती चुनखडीचे कवच तयार करतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते व सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्याला अन्न पुरविते. म्हणून प्रवाळाला उबदार, स्वच्छ आणि प्रकाश पोहोचेल असे उथळ पाणी लागते. एक पिढी मरते, तिच्या कवचांवर दुसरी वाढते, आणि हजारो वर्षांत समुद्रात चुनखडीची भिंत उभी राहते. तिला प्रवाळभित्ती म्हणतात.

येथे एक शंका उभी राहते. प्रवाळाला उथळ पाणी हवे, तर भोवती खोल समुद्र असताना ही भिंत आरंभी कशावर उभी राहिली? चार्ल्स डार्विन याने १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे उत्तर मांडले. आधी समुद्रात ज्वालामुखीचे बेट असते. त्याच्या काठाने प्रवाळभित्ती वाढते. बेट हळूहळू खचत जाते; परंतु भित्ती त्याच गतीने वर वाढत राहते. अखेर मधला डोंगर बुडून जातो आणि पाण्यावर बांगडीसारखे कडे तेवढे उरते. हेच कंकणद्वीप. कड्याच्या आतील उथळ, शांत जलाशयाला खारकच्छ म्हणतात. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातील एनिवेटॉक या कंकणद्वीपावर खोल छिद्र घेतले, तेव्हा हजाराहून अधिक मीटर जाडीच्या चुनखडीखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला व डार्विनच्या विचाराला पुष्टी मिळाली.

आपल्या मुलांच्या दृष्टीने यापुढील गोष्ट अधिक जवळची आहे. महाराष्ट्राचे पठार ज्या काळ्या पाषाणाचे बनले आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर आलेला लाव्हा होय. तो ज्या तप्तस्थानातून आला, त्याच्यावरून भारताचा भूखंड उत्तरेस सरकत गेला आणि मागे समुद्रतळावर उंचवट्यांची एक रांग राहिली. लक्षद्वीप, मालदीव व चागोस हे द्वीपसमूह त्या रांगेवर उभे आहेत, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. ते तप्तस्थान आज मादागास्करच्या पूर्वेस रेयुनियों बेटाखाली आहे व तेथील ज्वालामुखी अद्याप जागृत आहे. शाळेच्या ओट्याचा दगड आणि त्या दूरच्या बेटांचा पाया हे अशा रीतीने एकाच घराण्यातील ठरतात.

लाटांनी फोडलेले प्रवाळांचे तुकडे व त्यांची वाळू कड्याच्या एका बाजूस साठली आणि पाण्याबाहेर आली, तीच वस्तीची जमीन. बहुतेक बेटे कंकणाच्या पूर्व बाजूस आहेत व त्यांच्या पश्चिमेस खारकच्छ आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खवळलेल्या लाटा पश्चिमेकडील भित्तीवर फुटतात आणि खारकच्छात शिरेपर्यंत मवाळ होतात. जमिनीची उंची बहुतेक ठिकाणी समुद्रसपाटीपासून एक-दोन मीटर, क्वचित थोडी अधिक. डोंगर नाही, नदी नाही, ओढाही नाही.

३. गोडे पाणी कोठून येते?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. बेटांवर वर्षाकाठी सुमारे १,६०० मिलिमीटर पाऊस पडतो. जमीन प्रवाळी वाळूची, अतिशय सच्छिद्र. त्यामुळे पावसाचे पाणी वाहून न जाता सरळ खाली मुरते. खाली मात्र समुद्राचे पाणी आधीच शिरलेले असते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके. खालचे खारे पाणी वाळूच्या बारीक छिद्रांतून फारसे हालत नसल्यामुळे गोडे पाणी त्यात चटकन मिसळत नाही. ते त्यावर तरंगत राहते. त्याचा आकार भिंगासारखा असतो : मध्यभागी जाड, काठाकडे पातळ. बेटाखाली तरंगणारे हे गोड्या पाण्याचे भिंग हेच बेटाचे जीवन होय. माणसे उथळ विहिरी खोदून तेच पाणी पितात. समुद्राला भरती आली की विहिरीतील पाणी वर चढते, ओहोटी लागली की खाली उतरते. तरी ते गोडे असते. आपल्या मुलांना हे नवल वाटेल यात शंका नाही.

या भिंगाचा हिशेब सोपा आहे. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ असते. या फरकामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या जितकी वर असेल, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत खाली गोडे पाणी असते. १८८८ मध्ये घायबेन या डच आणि १९०१ मध्ये हर्त्सबर्ग या जर्मन अभियंत्याने हा नियम स्वतंत्रपणे मांडला. वर १० सेंटिमीटर, तर खाली ४ मीटर. प्रत्यक्षात सीमेवर गोडे-खारे मिसळून मचूळ थर तयार होतो, म्हणून वापरण्याजोगे पाणी याहून कमीच भरते.

हा नियम उलट्या बाजूनेही लागू पडतो, हे शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे. उपसा वाढून वरची पातळी एक वीत उतरली, तर खालून खारे पाणी चाळीस विती वर येऊ पाहते. पोहऱ्याने शेंदलेले पाणी पाऊस भरून काढी. विजेचे पंप आल्यावर उपसा वाढला आणि काही विहिरी मचूळ झाल्या. जमीन सच्छिद्र असल्याने शौचकूपातील घाणही सहज पाण्यापर्यंत पोहोचते. आपल्या गावची विहीर आटली तर खोल खणण्याचा मोह होतो. तेथे खोल खणणे म्हणजे समुद्राला दार उघडून देणे होय.

यावर उपाय म्हणून २००५ मध्ये कवरत्ती येथे राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने समुद्राचे पाणी गोडे करणारे संयंत्र उभारले. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर होती. त्याची युक्ती शालेय विज्ञानातीलच आहे. हवेचा दाब कमी केला की पाण्याची वाफ कमी तापमानातही होते. पृष्ठभागावरील सुमारे २८ अंश सेल्सिअसचे उबदार पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडतात. त्याची वाफ होते. आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ थिजवून गोडे पाणी मिळवितात. २०११ मध्ये मिनिकॉय व अगत्ती येथेही अशी संयंत्रे सुरू झाली.

४. नारळ, काथ्या आणि राज्यकर्ते

वाळवट जमिनीत व खाऱ्या वाऱ्यात टिकणारे मुख्य झाड नारळ. भात तेथे पिकत नाही. म्हणून बेटवासीयाचे जुने अर्थशास्त्र एका वाक्यात सांगता येते : काथ्या द्यावा आणि तांदूळ आणावा. नारळाची सोडणे किनाऱ्यालगत वाळूत, समुद्राच्या पाण्यात काही महिने पुरून ठेवीत. मग स्त्रिया ती लाकडी दांडक्याने कुटून धागा काढीत व सुंभ वळीत. पुरुष तो माल शिडाच्या होड्यांतून मंगळूर, कण्णूर, कोळिक्कोड येथे नेत. या होड्यांना ‘ओडम’ म्हणत. त्यांच्या फळ्या लोखंडी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून आश्विनापासून वैशाखापर्यंत जे काही आणावयाचे ते आणावे लागे. वेळेवर होडी न आल्यास उपासमार ठरलेली.

ज्याच्या हाती तांदूळ त्याच्या हाती बेट, हे राज्यकर्त्यांनी अचूक ओळखले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज काथ्याच्या लोभाने येथे आले. परंतु त्यांना पाय रोवता आले नाहीत. त्याच शतकात ही बेटे कण्णूरच्या अरक्कल घराण्याकडे आली. या मुस्लिम घराण्यात वारसा आईच्या बाजूने चालत असल्यामुळे स्त्रियाही गादीवर बसत व त्यांना ‘बीबी’ म्हणत. अठराव्या शतकात अरक्कलने काथ्याची मक्तेदारी आणली. काथ्या राजघराण्यालाच विकावयाचा, दर घराण्याने ठरवावयाचा आणि मोबदल्यात ठरल्या दराने तांदूळ घ्यावयाचा, असा तो व्यवहार. लोक गांजले. १७८० नंतरच्या दशकात अमिनीकडील काही मंडळी होड्या हाकारून मंगळूरास टिपू सुलतानाकडे गेली व ‘आमचा कारभार आपण घ्यावा’ अशी विनंती त्यांनी केली. त्याप्रमाणे अमिनी, कडमत, किल्तान, चेतलात व बित्रा ही पाच बेटे टिपूकडे गेली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ती इंग्रजांच्या हाती आली. काथ्याचा मक्ता मात्र इंग्रजांनीही सोडला नाही.

उरलेली बेटे इंग्रजांकडे कशी गेली, ही कथा मुलांना अवश्य सांगावी. १८४७ मध्ये मोठे चक्रीवादळ होऊन आंद्रोत व कल्पेनी या बेटांची अपरिमित हानी झाली. त्या वादळाने उचलून आणलेल्या प्रवाळी दगडांचे बांध कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर अद्याप आहेत. मदतीसाठी अरक्कलकडे पैसा नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने तो दिला; परंतु कर्ज म्हणून. कर्ज व थकबाकी वाढत गेली. १८५४ मध्ये बेटांचा कारभार कंपनीकडे गेला आणि मधल्या देवघेवीनंतर १८७५ पासून तो इंग्रजांकडेच राहिला. वादळ, कर्ज आणि मग जमीन जाणे, ही परंपरा आपल्या शेतकऱ्यांच्या मुलांना समजावून सांगावी लागणार नाही.

स्वातंत्र्यानंतर ही बेटे मद्रास राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचा स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश झाला. १९६४ मध्ये मुख्यालय कोळिक्कोडहून कवरत्तीस आले आणि १९७३ मध्ये ‘लक्षद्वीप’ हे नाव देण्यात आले.

५. कुटुंब व समाज

पुरुष अर्धे वर्ष होडीवर आणि घर, झाडे व काथ्या स्त्रियांच्या हाती, अशा या बेटांवर समाजाची घडी आपल्याहून निराळी आहे. बहुतेक सर्व लोक मुस्लिम असून नऊ बेटांवर मलयाळमची स्थानिक बोली चालते. परंतु वंश आईच्या नावाने चालतो. एका मूळ स्त्रीपासून आलेल्या कुटुंबसमूहाला ‘तरवाड’ म्हणतात. जुन्या रीतीप्रमाणे विवाहानंतरही स्त्री आपल्या आईच्याच घरी राही व पती रात्री तेथे येई. मालमत्तेचे दोन प्रकार मानीत आणि त्यांची नावे मोठी मौजेची आहेत. तरवाडाची समाईक मालमत्ता ती ‘शुक्रवारची’ व माणसाने स्वतः कमावलेली ती ‘सोमवारची’. शुक्रवारची मालमत्ता आईकडून मुलींच्या वंशाकडे जाते. सोमवारची इस्लामी कायद्याप्रमाणे मुलांना वाटता येते. समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी कल्पेनी बेटाच्या आधारे या व्यवस्थेचा अभ्यास करून १९६९ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच समाजात धर्म व जुनी रूढी कशी शेजारी नांदू शकतात, याचे हे उदाहरण अभ्यासकांना फार मोलाचे वाटले.

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने येथील एक आकडा विशेष बोलका आहे. १९५१ मध्ये लक्षद्वीपात शंभरांपैकी सुमारे १५ माणसे साक्षर होती. २०११ मध्ये सुमारे ९२. मुलींनी शाळेत जाणे निषिद्ध मानले जात होते, त्या काळात मुली प्रथम शाळेत गेल्या त्या कल्पेनी बेटावर. ज्यांच्या गावात आजही एखादी मुलगी सातवीनंतर घरी बसते, त्या शिक्षकांनी ही गोष्ट पालकसभेत सांगण्यास हरकत नाही.

६. मिनिकॉय आणि कुप्याची मासेमारी

मिनिकॉय हे दक्षिणेचे बेट इतरांपासून सुमारे दोनशे किलोमीटर रुंदीच्या ‘नऊ अंश खाडी’ने वेगळे झाले आहे. त्याचे नाते मालदीवशी अधिक. तेथील भाषा महल. ती थाना नावाच्या लिपीत उजवीकडून डावीकडे लिहितात. गावाच्या पुरुष प्रमुखास ‘बोडुकाका’ म्हणतात. स्त्रियांचीही स्वतंत्र प्रमुख असते. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर या मार्गाने जहाजांची ये-जा वाढली व १८८५ मध्ये येथे उंच दीपगृह उभे राहिले. तेव्हापासून आजतागायत मिनिकॉयचे कित्येक पुरुष जगभरच्या जहाजांवर खलाशी म्हणून जातात.

या बेटाने सर्व लक्षद्वीपाला दिलेली मोठी देणगी म्हणजे गळाने कुपा पकडण्याची कला. कुपा, गेदर या नावांनी आपल्या कोकणात ओळखले जाणारे मोठे मासे खोल समुद्रात थव्याने फिरतात. आधी खारकच्छातील प्रवाळांजवळून बारीक मासे जिवंत पकडतात व होडीच्या तळातील पाण्याच्या कप्प्यात ठेवतात. थवा दिसला की ते बारीक मासे मूठ-मूठ फेकतात. कुपा खाण्यावर तुटून पडतो, आणि होडीच्या टोकाशी रांगेने उभे असलेले गडी काठीला बांधलेल्या गळाने एकेक मासा झटक्यासरशी मागे फेकतात. गळाला उलटा काटा नसल्याने मासा होडीत पडताच आपोआप सुटतो. पुढे तो समुद्राच्या पाण्यात उकडून, धुरी देऊन व वाळवून लाकडासारखा टणक करतात. त्याला ‘मास’ किंवा ‘मासमीन’ म्हणतात व तो दीर्घकाळ टिकतो. सरसकट जाळे ओढण्याची रीत नसल्यामुळे समुद्र खरवडून निघत नाही. मात्र जिवंत आमिष खारकच्छातून मिळते, खारकच्छ प्रवाळावर टिकते, आणि प्रवाळ मेला तर होडीचा धंदाही बसतो, हा कार्यकारणसंबंध मुलांकडून काढून घ्यावा.

७. आजची चिंता

प्रवाळाचे हे जगणे अलीकडे कठीण झाले आहे. समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकतो व पांढरा पडतो. उष्णता टिकून राहिली तर तो मरतो. लक्षद्वीपात १९९८, २०१०, २०१६ व २०२४ या वर्षी असे मोठे आघात झाले. १९९८ पासून चाललेल्या एका दीर्घ निरीक्षणात जिवंत प्रवाळाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आल्याचे आढळले आहे. भिंत झिजली तर लाटा आत येतात, किनारा तुटतो, आणि तुटत्या किनाऱ्याबरोबर खालचे गोड्या पाण्याचे भिंगही आक्रसते. बंगारम कंकणातील परळी-१ हे निर्जन बेट झिजत जाऊन नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये एका अभ्यासाने दाखविले. त्याच वर्षी डिसेंबरात ओखी चक्रीवादळाने बेटांना तडाखा दिला.

बेटे आता पूर्वीसारखी एकाकी नाहीत. १९८८ पासून अगत्तीस विमान उतरते आणि २०२४ मध्ये समुद्रतळावरून टाकलेली तारेची जोडणी कोचीहून पोहोचली. पर्यटकांचा ओघ वाढावा असे प्रयत्न चालू आहेत. पाहुणे आले म्हणजे उत्पन्न येईल हे खरे; परंतु पाहुण्यांनाही पाणी लागते, आणि भिंगाचा आकार पाहुण्यांच्या संख्येवर ठरत नाही. तेथील जाणत्या लोकांच्या मनातील प्रश्न हाच आहे, आणि मुलाने विचारलेला प्रश्नही मुळात हाच होता.

८. वर्गात काय करावे?

(१) काचेच्या पेल्यात पाव पेला पाणी घेऊन त्यात दोन-तीन चमचे मीठ विरघळवावे व निळ्या शाईचे थेंब टाकावेत. मग चमच्याच्या पाठीवरून साधे पाणी अगदी सावकाश सोडावे. गोडे पाणी वर तरंगलेले दिसेल. नंतर काडीने ढवळून दोन्ही पाणी मिसळावे व ते पुन्हा वेगळे होते का, हे मुलांनाच पाहू द्यावे.

(२) तलाठी कार्यालयातून गावाचे क्षेत्रफळ हेक्टरमध्ये घ्यावे. आपले गाव लक्षद्वीपाच्या कितवा हिस्सा आहे व त्यात किती बित्रा बसतील, हे गणिताच्या तासास काढावे.

(३) शाळेजवळचा काळा दगड व नारळाचे सोडण वर्गात आणून ठेवावे. एकाची बेटाच्या पायाशी व दुसऱ्याची बेटाच्या पोटाशी असलेली कथा मुलांनी आपल्या शब्दांत सांगावी.

(४) ‘आमची विहीर आणि बेटावरची विहीर’ या विषयावर वरच्या वर्गांनी दहा ओळी लिहाव्यात. पाणी कोठून येते, कोण शेंदते, कशाने बिघडते, हे तीन मुद्दे असावेत.

राजधानीचे नाव पाठ असणे वाईट नाही, ते असावेच. परंतु पाठांतर ही पाठाची सुरुवात आहे, शेवट नव्हे. तो मुलगा आज चाळिशीचा असेल. त्याचे उत्तर द्यावयास मला फार उशीर झाला. तो उशीर आपल्यापैकी कोणाच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

पुढील केंद्रसंमेलनास येताना प्रत्येक शिक्षकाने या पाठाचे टाचण आणावे. त्यासोबत आपल्या वर्गातील मुलाने विचारलेला व आपणांस उत्तर न देता आलेला एक प्रश्नही कागदावर लिहून आणावा. मुलाचे नाव खाली अवश्य असावे. उत्तरे आपण सर्वजण मिळून शोधू.